फुप्फुसातली गुठळी कुणात शोधली? : एका निदानाचा इतिहास



२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत तीन वैद्यकीय शब्द तोंडपाठ झाले होते : एचआरसीटी स्कोअर, सीआरपी आणि डी-डायमर. लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर यायचा, डी-डायमरच्या आकड्यापुढे ठळक अक्षरात ‘हाय’ छापलेलं असायचं आणि घरातले विचारायचे, ‘म्हणजे रक्ताची गुठळी झालीय का?’

प्रश्न अगदी रास्त होता. आणि गंमत म्हणजे जगभरातल्या मोठमोठ्या रुग्णालयांतले डॉक्टरही त्या वर्षी हाच प्रश्न विचारत होते. उत्तर शोधताना त्यांना जी अडचण आली, ती समजून घ्यायची तर आपल्याला १८४६ सालापर्यंत मागे जावं लागेल.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. जैवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून आता पीएच.डी. करतेय. त्यामुळे हा लेख उपचारांचा सल्ला म्हणून वाचू नका. तुमच्यापैकी बरेच जण पेट, सेट-नेटची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिस लिहिताय. संवेदनशीलता आणि विशिष्टता या दोन व्याख्या आपण परीक्षेपुरत्या पाठ करतो आणि विसरतो. या व्याख्या खऱ्या रुग्णांपुढे कशा वागतात, ते या इतिहासात फार स्वच्छ दिसतं. म्हणून हा विषय निवडला.

बर्लिन, १८४६ : गुठळी येते कुठून?

शवविच्छेदन करणाऱ्यांना फुप्फुसाच्या धमनीत अडकलेल्या रक्ताच्या गुठळ्या फार पूर्वीपासून दिसत होत्या. वाद होता तो त्या तिथे कशा आल्या याचा. त्या काळी पॅरिसच्या ज्याँ क्रुव्हेलिये यांचा मोठा दबदबा होता. रक्तवाहिनीला सूज येते आणि त्या सुजेमुळे गुठळी जागच्या जागी तयार होते, असं त्यांचं मत. शिरांची सूज हेच बहुतेक आजारांचं मूळ आहे, इथपर्यंत त्यांची भूमिका गेलेली होती.

बर्लिनच्या शारिते रुग्णालयात काम करणारा रुडॉल्फ फिर्खो तेव्हा पंचविशीत होता. त्याला हे पटेना. फुप्फुसातल्या गुठळीच्या आसपास धमनीची भिंत पुष्कळदा निरोगी दिसते, आणि त्याच माणसाच्या पायाच्या किंवा ओटीपोटाच्या शिरेत गुठळी सापडते, हे त्याने पाहिलं होतं. मग त्याने प्रयोग केले. कुत्र्यांच्या मानेच्या शिरेतून रबराचे आणि इतर पदार्थांचे तुकडे सोडले आणि ते फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतात हे दाखवून दिलं. म्हणजे गुठळी प्रवास करते! पायातून सुटते, मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूत येते आणि तिथून फुप्फुसात जाऊन बसते. ‘थ्रॉम्बोसिस’ आणि ‘एम्बोलिझम’ हे दोन्ही शब्द आपल्याला या माणसाने दिले. जिथे बनली तिथेच राहिली तर थ्रॉम्बस, सुटून दुसरीकडे अडकली तर एम्बोलस. फुप्फुसातल्या अशा अडकण्याला आपण आजही पल्मनरी एम्बोलिझमच म्हणतो.

हे नाव नीट लक्षात ठेवा. नावातच एक गृहीतक बसलेलं आहे : गुठळी दुसरीकडून आली. २०२० मध्ये हेच गृहीतक पुन्हा तपासायची वेळ आली.

जिवंत माणसात ती ओळखायची कशी?

फिर्खोचं काम मृतदेहांवर आणि प्राण्यांवर होतं. जिवंत रुग्णात ही गुठळी ओळखणं ही वेगळीच डोकेदुखी. लक्षणं काय, तर दम लागणं, छातीत दुखणं, नाडी जलद होणं, कधी खोकल्यातून रक्त. न्यूमोनियातही हेच होतं, हृदयविकारातही यातलं बरंच होतं. छातीचा साधा एक्स-रे अनेकदा जवळजवळ नॉर्मल निघतो.

१९६० साली ब्रिस्टलच्या बॅरिट आणि जॉर्डन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा प्रयोग छापला. रक्त गोठू न देणारी औषधं या आजारात खरंच उपयोगी पडतात का, हे त्यांना पाहायचं होतं. रुग्ण फक्त ३५. औषध न दिलेल्या १९ जणांपैकी ५ जण फुप्फुसातल्या गुठळीने गेले, आणखी ५ जणांना पुन्हा गुठळी झाली. औषध दिलेल्या १६ जणांपैकी गुठळीने एकही गेला नाही. फरक इतका ढळढळीत होता की औषध न देणं पुढे चालू ठेवणं त्यांना योग्य वाटलं नाही.

यातून दोन गोष्टी ठरल्या. गुठळी असून औषध दिलं नाही, तर माणूस जाऊ शकतो. आणि या औषधांनी रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून गुठळी नसताना ती देणंही धोक्याचं. दोन्हीकडून कात्री. अचूक निदानाची गरज इथून निर्माण झाली.

पुढे साधनं येत गेली. १९६४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या हेन्री वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी खूण लावलेले अल्ब्युमिनचे सूक्ष्म कण शिरेतून सोडून फुप्फुसातल्या रक्तपुरवठ्याचं चित्र काढलं. जिथे रक्त पोचत नाही, तो भाग चित्रात रिकामा दिसतो. याच पद्धतीला पुढे हवेच्या चित्राची जोड मिळाली : हवा पोचतेय पण रक्त पोचत नाही, असा भाग दिसला की गुठळीचा संशय बळावतो. खात्री करायची तर हृदयातून नळी घालून फुप्फुसाच्या धमनीत डाय सोडायचा आणि एक्स-रे घ्यायचे, म्हणजे अँजिओग्राफी. ही खात्रीची, पण त्रासाची तपासणी.

१९९० : एकच स्कॅन, दोन अर्थ

१९९० मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात ‘पिओपेड’ नावाचा अमेरिकी अभ्यास आला. संशोधनपद्धती शिकणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी पाहावा, असं मला वाटतं. संशयित रुग्णांचं आधी स्कॅन केलं आणि मग अँजिओग्राफीने पडताळा घेतला. अँजिओग्राफी झालेल्या ७५५ जणांपैकी २५१ जणांना, म्हणजे ३३ टक्के लोकांना, गुठळी होती. म्हणजे संशय आलेल्या दर तिघांपैकी दोघांना ती नव्हतीच!

स्कॅनवर ‘दाट शक्यता’ असा शेरा मिळालेल्या आणि अँजिओग्राफीचा ठाम निकाल हाती असलेल्या ११६ जणांपैकी १०२ जणांना खरोखर गुठळी निघाली. ८८ टक्के, म्हणजे उत्तमच. पण गुठळी असलेल्या २५१ पैकी हा शेरा फक्त १०२ जणांनाच मिळाला होता. उरलेले दीडशेच्या आसपास रुग्ण धूसर शेऱ्यांमध्ये विखुरलेले होते.

आणि आता खरी मेख. स्कॅन करण्याआधी डॉक्टरांना त्यांचा संशय किती आहे, हे लिहायला सांगितलं होतं. डॉक्टरांचा संशय दाट आणि स्कॅनही ‘दाट शक्यता’ म्हणतंय, तर ९६ टक्के रुग्णांना गुठळी. डॉक्टरांचा संशय कमी, पण स्कॅनचा शेरा तोच, तर ५६ टक्के. यंत्र तेच, शेरा तोच, अर्थ मात्र वेगळा. हा फरक स्कॅनमधून आलेला नाही. स्कॅनखाली कोण झोपलंय, त्यातून तो आला.

कुणाला वाटेल की यंत्र जुनं होतं म्हणून असं झालं. तर १९९२ मध्ये फ्रान्समधल्या लिल शहरात मार्टिन रेमी-जार्डां आणि सहकाऱ्यांनी स्पायरल सीटीने, एका श्वासाच्या अवधीत, डाय देऊन या गुठळ्या दाखवल्या. आज जिला सीटी पल्मनरी अँजिओग्राफी म्हणतात, ती तपासणी इथून रुजली. २००६ च्या ‘पिओपेड-२’ मध्ये तिची परीक्षा झाली आणि पुन्हा तेच दिसलं. आधीचा संशय कमी असताना सीटी पॉझिटिव्ह आली, तर ती बरोबर असण्याचं प्रमाण फक्त ५८ टक्के. यंत्र सुधारलं, तरी आधीची शक्यता विचारात घेणं सुटत नाही.

डी-डायमर : नकार देण्यासाठी बनलेली चाचणी

आता आपल्या ओळखीच्या चाचणीकडे येऊ. रक्त गोठतं तेव्हा फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे बनतात. फॅक्टर १३ हे विकर शेजारशेजारच्या धाग्यांचे ‘डी’ नावाचे भाग एकमेकांना पक्के जोडतं. नंतर प्लाझ्मिन हे धागे कापतं, पण जोडलेले दोन ‘डी’ तसेच राहतात. तोच डी-डायमर. तो रक्तात सापडला म्हणजे एवढंच कळतं : शरीरात कुठेतरी फायब्रिन बनलं आणि विरघळलं. कुठे, का, किती मोठं, यातलं काहीही ही चाचणी सांगत नाही. शस्त्रक्रिया, बाळंतपण, कॅन्सर, जंतुसंसर्ग आणि नुसतं वय वाढणं यांनीही तो वाढतो.

मग उपयोग काय? जिनिव्हाच्या आंरी बूनामो यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही चाचणी उलट बाजूने वापरायची कल्पना पक्की केली. डी-डायमर ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असेल आणि डॉक्टरांचा संशयही फार नसेल, तर गुठळी नाही असं मानायला हरकत नाही. म्हणजे ही चाचणी सीटी टाळण्यासाठी आहे. ‘आहे’ म्हणण्यासाठी ती बनलेलीच नाही.

‘संशय फार नसेल’ हे मोजायचं कसं? कॅनडात ओटावाच्या फिलिप वेल्स यांनी २००० च्या सुमारास गुण ठरवून दिले. पायात गुठळीची लक्षणं असतील तर ३. इतर कुठल्याही निदानापेक्षा गुठळीची शक्यता जास्त वाटत असेल तर ३. नाडी १०० च्या वर, दीड. नुकतीच शस्त्रक्रिया किंवा अंथरुणाला खिळलेला, दीड. पूर्वी कधी गुठळी, दीड. खोकल्यातून रक्त, १. कॅन्सर, १. बेरीज ४ च्या वर गेली की संशय दाट.

पुढे वय वाढेल तशी विशिष्टता घसरते हे लक्षात आलं. मग २०१४ च्या ‘अ‍ॅडजस्ट-पीई’ अभ्यासाने पन्नाशीच्या पुढच्यांसाठी वय गुणिले दहा अशी मर्यादा तपासली. २०१७ मध्ये नेदरलँड्सच्या ‘इयर्स’ अभ्यासाने, धोक्याची तीन लक्षणं नसतील तर मर्यादा १००० पर्यंत नेता येते, असं दाखवलं. थोडक्यात, २०१९ संपताना ही सगळी यंत्रणा छान बसलेली होती. आणि ती बसलेली होती प्रामुख्याने अशा लोकांवर, जे दम लागतोय म्हणून बाहेरून रुग्णालयात चालत आले.

२०२० : पायाखालची जमीन सरकली

फेब्रुवारी २०२० मध्ये वुहानच्या टोंगजी रुग्णालयातून निंग टांग यांच्या गटाने १८३ कोविड रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. जे दगावले, त्यांचं डी-डायमर वाचलेल्यांपेक्षा बरंच जास्त होतं. एप्रिलमध्ये नेदरलँड्सच्या तीन रुग्णालयांतल्या १८४ आयसीयू रुग्णांचा अभ्यास आला. ३१ टक्के रुग्णांमध्ये गुठळीशी संबंधित गुंतागुंत, आणि त्यातल्या बहुतेक गुठळ्या फुप्फुसात. पुन्हा लिल शहरातूनच बातमी आली : आयसीयूतल्या १०७ कोविड रुग्णांपैकी २२ जणांना, म्हणजे २०.६ टक्के रुग्णांना, फुप्फुसात गुठळी. आदल्या वर्षी त्याच काळात त्याच आयसीयूत हे प्रमाण ६.१ टक्के होतं.

हॅम्बुर्गमध्ये कोविडने गेलेल्यांचं शवविच्छेदन बंधनकारक केलं होतं. लागोपाठच्या १२ मृतांपैकी ७ जणांच्या पायांच्या शिरांत गुठळ्या सापडल्या. जिवंतपणी त्यांच्याबद्दल तसा संशयही आलेला नव्हता. चौघांच्या मृत्यूचं थेट कारण फुप्फुसातली गुठळी हेच होतं. आता कळलं असेल की हा वाद आकड्यांच्या हौसेचा नव्हता. निदान निसटत होतं आणि माणसं जात होती.

दुसऱ्या एका अभ्यासात आकरमान आणि सहकाऱ्यांनी कोविडने गेलेल्या ७ जणांची फुप्फुसं इन्फ्लुएंझाने गेलेल्या ७ जणांच्या फुप्फुसांशी ताडून पाहिली. वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांमध्ये सूक्ष्म गुठळ्या कोविडमध्ये नऊ पट जास्त आढळल्या. या गुठळ्या पायातून आलेल्या वाटत नव्हत्या. सुजलेल्या वाहिनीत त्या जागीच बनत होत्या. कितीतरी रुग्णांच्या सीटीत गुठळी दिसे, पण पायाच्या सोनोग्राफीत काहीच नसे.

म्हणजे क्रुव्हेलिये बरोबर होते का? पूर्णपणे नाही. हॅम्बुर्गमधल्या सात जणांच्या पायांत फिर्खोने सांगितलेली गुठळी होतीच. पण जंतुसंसर्ग, सूज आणि रक्त गोठणं यांचं नातं जवळचं आहे, हे संशोधक कोविडच्या आधीच मांडू लागले होते. म्युनिकच्या एंगेलमान आणि मासबर्ग यांनी २०१३ मध्ये त्याला ‘इम्युनोथ्रॉम्बोसिस’ असं नाव दिलं. रक्त गोठवणं ही जंतूला अडकवून ठेवायची शरीराची एक युक्तीही आहे, असा त्याचा अर्थ. विज्ञानात हरलेली बाजू कधीकधी अशी सुधारून परत येते.

निदानाच्या दृष्टीने यातून तीन अडचणी उभ्या राहिल्या.

पहिली, वेल्सचे गुण. तापामुळे नाडी शंभरच्या वर, दीड गुण. तीन दिवसांहून जास्त अंथरुणात, आणखी दीड. वॉर्डातल्या कितीतरी रुग्णांचे तीन गुण गुठळीशी काही संबंध नसताना झाले. आणि ‘इतर निदानापेक्षा गुठळीची शक्यता जास्त’ हे ठरवायचं कसं, जेव्हा दम लागण्याचं दुसरं कारण, कोविडचा न्यूमोनिया, समोर ढळढळीत दिसतंय?

दुसरी, सीटी. आपल्याकडे घरोघरी माहीत झालेली एचआरसीटी डाय न देता होते. तिच्यात न्यूमोनियाचा फैलाव दिसतो, धमनीतली गुठळी दिसत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने तिचे कमाल दर २,००० ते ३,००० रुपये ठरवून दिले, त्यामुळे ती आणखी परिचयाची झाली. पण स्कोअर कमी म्हणजे गुठळी नाही, असं त्यावरून म्हणता येत नाही. ती बघायची तर डाय देऊन वेगळी सीटी हवी. व्हेंटिलेटरवर पालथं झोपवलेल्या, मूत्रपिंड थकलेल्या रुग्णाला त्या यंत्रापर्यंत नेणं हेच जोखमीचं. तेव्हा अनेक ठिकाणी खाटेजवळच पायाची सोनोग्राफी आणि हृदयाचा टूडी इको यांवर भागवावं लागलं.

तिसरी अडचण डी-डायमरची. ती गणितानेच समजून घेऊ.

वही-पेन घ्या

२०२१ मध्ये ‘रेडिऑलॉजी’ नियतकालिकात २७ अभ्यासांचं, ३,३४२ कोविड रुग्णांचं एकत्रित विश्लेषण आलं. फुप्फुसातल्या गुठळीचं प्रमाण १६.५ टक्के. डी-डायमरची ५०० ही मर्यादा धरली तर संवेदनशीलता ९६ टक्के, विशिष्टता १० टक्के.

समजा, असे १०० रुग्ण आहेत. सोपं जावं म्हणून १६ जणांना गुठळी आहे, ८४ जणांना नाही असं धरू.

गुठळी असलेल्या १६ पैकी १५ जणांचं डी-डायमर वाढलेलं येईल. ही झाली संवेदनशीलता. गुठळी नसलेल्या ८४ पैकी फक्त ८ जणांचं नॉर्मल येईल, उरलेल्या ७६ जणांचं वाढलेलं. ही झाली विशिष्टता.

म्हणजे ‘हाय’ असा रिपोर्ट एकूण ९१ जणांना मिळाला. त्यातले गुठळीवाले १५. भागाकार करा : साधारण १६ ते १७ टक्के.

चाचणीच्या आधी शक्यता किती होती? १६ टक्के. चाचणी ‘हाय’ आल्यावर किती? १६-१७ टक्के. म्हणजे ‘हाय’ या शब्दाने या रुग्णांमध्ये गुठळीबद्दल जवळजवळ काहीच नवीन सांगितलं नाही.

आता हेच गणित महामारीआधीच्या, बाहेरून आलेल्या संशयितांसाठी करा. गुठळीवाले १६ च धरा, संवेदनशीलताही तीच, फक्त विशिष्टता ४० टक्क्यांच्या आसपास घ्या. आता ८४ पैकी ३४ जणांचं डी-डायमर नॉर्मल येईल. शंभरातल्या एक तृतीयांश लोकांची सीटी वाचली. कोविडमध्ये वाचतात जेमतेम आठ-नऊ. रेणू तोच, यंत्र तेच, मर्यादाही ५०० च. बदलली ती तपासलेली माणसं.

मर्यादा १००० केली तर? त्याच विश्लेषणात संवेदनशीलता ९१ आणि विशिष्टता २४ टक्के निघाली. हिशेब तुम्ही करून बघा. थोडी सीटी वाचते, पण त्याची किंमत म्हणून गुठळीवाले जास्त निसटतात.

इथे एक घोटाळा नीट सोडवून घ्या. टांग यांच्या अभ्यासातला प्रश्न होता, ‘कोण दगावण्याची शक्यता जास्त?’ घरातला प्रश्न होता, ‘आत्ता गुठळी आहे का?’ पहिला प्रश्न भवितव्याचा, दुसरा निदानाचा. पहिल्याला चांगलं उत्तर देणारा आकडा दुसऱ्यालाही देईलच असं नाही. डी-डायमर वाढणं हे गंभीर आजाराचं लक्षण होतंच, कारण सुजलेल्या फुप्फुसात वायुकोशांतही फायब्रिन साचतं.

आणि एककांचा गोंधळ वेगळाच. काही लॅब डी-डायमर ‘एफईयू’ मध्ये देतात, काही ‘डीडीयू’ मध्ये, आणि पहिला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतो. त्यात कुणी नॅनोग्रॅम लिहितं, कुणी मायक्रोग्रॅम. २०२० मध्येच फाव्हालोरो आणि थाचिल यांनी दाखवून दिलं की कोविडवरच्या अनेक शोधनिबंधांत एकक नीट दिलेलंच नाही. आकडा आहे, पण कशाचा ते माहीत नाही!

छेदात कोण आहे?

आता शेवटचं कोडं. ‘पेपकोव्ह’ नावाचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२० मध्ये आला. सहा देशांतल्या २६ आपत्कालीन विभागांत, गुठळीच्या संशयाने डायची सीटी झालेले तीन हजारांवर रुग्ण. कोविड असलेल्यांत गुठळीचं प्रमाण १५ टक्के. कोविड नसलेल्यांत? तेही १५ टक्के!

लिलच्या आयसीयूत तिपटीहून जास्त आणि इथे फरकच नाही. कुणाचं चुकलं?

कुणाचंच नाही. टक्केवारी म्हणजे अपूर्णांक, आणि अपूर्णांकाला छेद असतो. लिलच्या छेदात आयसीयूत दाखल झालेले सगळे कोविड रुग्ण होते. पेपकोव्हच्या छेदात ज्यांना डॉक्टरांनी संशयावरून सीटीला पाठवलं, फक्त तेच. कोविडच्या रुग्णाबद्दल डॉक्टर लवकर संशय घेऊ लागले, तर सीटी वाढतात, छेद फुगतो आणि टक्केवारी खाली येते. त्यामुळे ‘कोविडमध्ये गुठळ्या होतात का’ याचं उत्तर पेपकोव्हमधून मिळत नाही. ‘आपत्कालीन विभागात संशय आल्यावर किती वेळा खरा ठरतो’ याचं मिळतं. दोन्ही प्रश्न उपयोगाचे आहेत, पण ते वेगळे आहेत. आपण मघाशी वापरलेले १६.५ टक्केही असेच निवडलेल्या रुग्णांचे आहेत, हेही विसरू नका.

निदान इतकं अवघड, तर सरसकट सगळ्यांनाच रक्त पातळ करणारं औषध पूर्ण डोसमध्ये का देऊ नये? हा विचार अनेकांनी केला, आणि सुदैवाने त्याची रीतसर चाचणीही झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये तीन गटांच्या एकत्रित प्रयोगाचे निकाल आले. आयसीयूतल्या सुमारे ११०० अतिगंभीर रुग्णांमध्ये हेपरिनच्या पूर्ण डोसचा फायदा दिसला नाही : घरी जाईपर्यंत जिवंत राहिलेले ६२.७ टक्के, नेहमीचा प्रतिबंधक डोस मिळालेल्यांत ६४.५ टक्के. मोठा रक्तस्राव ३.८ विरुद्ध २.३ टक्के. मध्यम आजारी २२०० रुग्णांमध्ये मात्र फायदा झाला : अवयवांना यंत्राचा आधार न लागता घरी गेलेले ८०.२ विरुद्ध ७६.४ टक्के. औषध तेच, विषाणू तोच, पण रुग्ण आजाराच्या कुठल्या टप्प्यावर आहे, त्यावर उत्तर फिरलं. ज्याची गुठळी सिद्ध झाली आहे, त्याला पूर्ण डोस द्यायचा हे तर १९६० पासून ठरलेलंच आहे. म्हणूनच ती नेमकी शोधण्याचं काम टाळता येत नाही.

तुमच्या कामासाठी

तुमचा विषय वनस्पतिशास्त्र असो, मानसशास्त्र असो वा मातीपरीक्षण, कुठलीही चाचणी, प्रश्नावली किंवा निर्देशांक दुसऱ्या कुणाच्या शोधनिबंधातून उचलताना चार गोष्टी वहीत लिहून काढा :

१. ही चाचणी मुळात कुणावर तपासली गेली? माझा नमुना त्यांच्यासारखा आहे का?

२. ती ‘आहे’ म्हणण्यासाठी बनली, ‘नाही’ म्हणण्यासाठी, की पुढे काय होईल ते सांगण्यासाठी?

३. टक्केवारीच्या छेदात कोण बसलंय, आणि त्यांना तिथे कुणी, कशावरून बसवलं?

४. एकक काय?

मार्गदर्शक सिनॉप्सिस वाचताना बहुधा तिसऱ्या प्रश्नावरच बोट ठेवतात, हे अनुभवाने सांगते. ‘नमुना निवड’ या मथळ्याखाली आपण दोन ओळी लिहून मोकळे होतो. खरं तर पुढच्या सगळ्या आकड्यांचा अर्थ तिथेच ठरलेला असतो.

सरावासाठी एक काम देते. वरचं शंभर रुग्णांचं गणित आयसीयूसाठी पुन्हा करा. त्याच एकत्रित विश्लेषणात आयसीयूत गुठळीचं प्रमाण २४.७ टक्के आणि आयसीयूबाहेर १०.५ टक्के निघालं होतं. संवेदनशीलता ९६, विशिष्टता १० हे तसंच ठेवा. दोन्हीकडे ‘हाय’ आल्यावर शक्यता किती होते आणि नॉर्मल आल्यावर किती उरते, असे चार आकडे काढा. मग स्वतःलाच विचारा, आयसीयूत ९६ आणि १० हेच आकडे कायम राहतील, असं आपण कशाच्या आधारावर धरलं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला निघालात, की तुमचं संशोधन सुरू झालं म्हणून समजा.